डालग्याखालचा बापूस

नातीने वाचनालयातून एक कादंबरी आणली. बारीक टाइप मला दिसत नाही म्हणून ती वाचून दाखवते. त्यात एका पोराचा बाप अचानक मरतो. मग ते पोर खिडकीत बसतं आणि आभाळाकडे बघतं. पान उलटलं तरी बघतंच आहे. मी म्हटलं, "थांब. हे पोर जेवतं कधी?"

"आजोबा, त्याला दुःख झालंय."

"मलाही झालं होतं. मी जेवत होतो. शिवाय मला कामं होती."

"कसली कामं?"

मी सांगितलं तर ती हसायला लागली, मग रडायला लागली, मग म्हणाली की तुम्हीच लिहून काढा. म्हणून लिहितो. माझी शाळा मराठी दुसरीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ छापणाऱ्याने बघून घ्यावं. मजकुराला मात्र हात लावू नये, तो माझा आहे.

परळ तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. चाळ, चाळीमागे ताडाची झाडं, ताडांच्या वर गिरणीची चिमणी आणि पलीकडे शिवडीचं चिखलाचं खाजण. गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजाडलं की गिरणी सुरू आणि दिसेनासं झालं की बंद. आमच्या चाळीत सगळे मालवणकडचे. तळाला कोपऱ्यातली खोली आमची. शेजारी खानावळवाली मावशी. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण तिला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिच्याकडे गिरणीतले आठदहा बिनबायकांचे गडी जेवायला असत. तिच्या कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा होता. तांबडा, मानेवर पिवळी झालर, आणि चाल अशी की गिरणीच्या साहेबानेही बाजूला व्हावं.

माझा बापूस गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. गरीब माणूस. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. जगात त्याचं वैर एकाशीच, मावशीच्या कोंबड्यांशी. त्या उठल्यासुटल्या आमच्या खोलीत शिरत, आणि बापूस लुगड्यापासून लोट्यापर्यंत हाताला येईल ते घेऊन त्यांना हाकलत असे.

एके दिवशी सकाळी तो गिरणीत जायला निघाला होता. मुंडाशाचं एक टोक दातांत धरून दुसरं डोक्याला गुंडाळत होता. मी उंबऱ्याबाहेर पडतोय एवढ्यात त्याने तोंडातलं टोक काढलं आणि म्हणाला, "अरे, तां…"

आमच्या मालवणीत 'तां' म्हणजे 'ते'. ते काय, हे तो बोलला नाही. खाली बसला. मग आडवा झाला. अर्धं मुंडासं डोक्याला, अर्धं जमिनीवर. ताप नाही, खोकला नाही, आदल्या रात्री दोन वाट्या कुळथाची पिठी प्यायलेला माणूस. वैद्य आला तो पागोटं काढून उभा राहिला, त्यावरून मी ओळखलं.

लोक म्हणाले, पोर रडत नाही, धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नव्हता. मी विचार करत होतो. ते म्हणजे काय? ते माझं शर्टाचं बटण? ते कोनाड्यातलं? ते गावचं काही? माणूस मेला तर मेला, पण वाक्य पुरं करून मरावं. मी आईला विचारायला गेलो, तर तोंड उघडायच्या आत ती मला जवळ घेऊन रडू लागली. मग तिला कसं विचारणार?

न्हाव्याने माझं डोकं भादरलं. पिंड ठेवला, त्याला कावळा तात्काळ शिवला. तात्या म्हणाले, "बघा, कसली वासना मागे रवली नाय." तात्या म्हणजे आमच्या गावचे चाळीतले वडीलधारे. चाळीत लग्न, बारसं, भांडण, भूत, सगळ्यांत शेवटचा शब्द त्यांचा. नाकात तपकीर ओढून ते एकदा बोलले की बोलले. मी मात्र मनात म्हटलं, हा कावळा खोटारडा आहे. अर्धं वाक्य राहिलंय आणि म्हणे वासना नाही.

त्यानंतर आमच्या गावची एक रीत केली. माणूस जिथे गेला तिथे ताटात तांदळाचं पीठ पसरतात, हाताने सारखं करतात, बाजूला दिवा लावतात आणि वर टोपली पालथी घालून झाकतात. सकाळी टोपली उचलली की पिठात काहीतरी उमटलेलं असतं. त्यावरून मेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं. आमच्याकडे एवढी मोठी टोपली नव्हती. मावशीने दिली. कोंबडी झाकायचं डालगं होतं ते. तात्यांनी त्याची एक कड दगडावर टेकवून उचलून ठेवली, दिवा घुसमटू नये म्हणून. सुतक होतं, लोकांचं येणंजाणं होतं, दार सताड उघडं होतं.

सकाळी सगळी चाळ जमली. तात्यांनी डालगं उचललं. दिवा विझलेला. पिठात पावलंच पावलं. तीन बोटं पुढे, एक मागे. ताटाच्या एका अंगाचं पीठ बरंचसं नाहीसं झालेलं. आणि कडेला आणखीही एक पुरावा पडला होता, पण मयताच्या मानाखातर त्याच्याविषयी कुणी बोललं नाही.

तात्या गुडघ्यावर बसले. तपकीर ओढली. बराच वेळ बघितलं.

"कोंबडो," ते म्हणाले.

खानावळीतला एक गडी मागून म्हणाला, "तात्यानू, कावळो पण असात. बोटां सारकीच दिसतत."

"पाय ओळखूक माका शिकवतंस? तुज्या आज्याचो सुसरीचो पाय मीच ओळखलेलंय. कोंबडो म्हणजे कोंबडो. चांगलो जन्म. पहाटे उठणारो."

आता तुम्ही शिकलेली माणसं म्हणाल की डालगं कोंबड्याचं, कड उचललेली, दार उघडं, आत पीठ. कोंबडा रोजच्या सवयीने आपल्या घरात निजायला गेला, खाऊन निघून आला. माझ्या थोरल्या मुलानेही मला हेच सांगितलं, जसं काही मला सुचलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू तिथे होतास का? नव्हतास. मग गप्प बस.

मला तर त्या घटकेला एकदम हायसं वाटलं. बापूस कुठे गेला ते कळलं. लांब गेला नव्हता. शेजारीच होता. आणि अख्ख्या चाळीत कोंबडा एकच, त्यामुळे शोधायचीही गरज नव्हती. मी बाहेर गेलो. तो उकिरड्यावर उभा होता. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बाबा, तां काय?"

त्याने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने बघितलं, आणि एक झुरळ खाल्लं.

मी म्हटलं, असू दे. नवीन जागा आहे. तोंडाला वळण पडायला वेळ लागेल.

तेव्हापासून माझा दिवस भरलेला असे. माझ्या भाकरीतला चतकोर त्याचा. रोज सकाळी उंबऱ्याबाहेर जाऊन एकदा विचारायचं, "बाबा, तां काय?" आणि उत्तराला वेळ द्यायचा. पण एक अडचण झाली. बापूस जिवंतपणी जेवढा गरीब, तेवढाच कोंबडा होऊन मवाली झाला होता. समोरच्या चाळीच्या कुत्र्याच्या अंगावर धावून जायचा. पाण्याच्या हौदावर चढून घाण करायचा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मावशीच्या कोंबड्या. मी चाळीत लहानाचा मोठा झालेला, मला काही कळत नव्हतं असं नाही. भर अंगणात, आईच्या देखत! मी काठी घेऊन कोंबड्यांच्या मागे लागलो.

मावशी ओरडली, "अरे मेल्या, कोंबड्यो कित्याक मारतंस?"

"माज्या आयेची लाज काढतत त्यो!"

मावशीला काही समजलं नाही. आई दारात उभी होती, तिला समजलं. तिने मला कान धरून आत आणलं. "कोंबडो तो," ती म्हणाली. "कोंबड्याक काय कळता? आणि तूही गाढव." बापूस गेल्यापासून ती मला पहिल्यांदा रागावली, त्यामुळे मला बरं वाटलं.

हे असं चाललं असताना एका दुपारी मी मावशीला गड्यांशी बोलताना ऐकलं. तिच्या भाच्याचा पाय बैलगाडीखाली सापडला होता, तो बरा झाला तर गावच्या राखणदाराला, म्हणजे वेशीवरच्या देवाला, कोंबडा देईन असा तिने नवस केला होता. भाचा आता लंगडत का होईना चालू लागला होता. त्या दिवशी अमावास्या होती, संध्याकाळीच नवस फेडायचा. देवाला दाखवायचा आणि मग वड्यांबरोबर सगळ्यांनी खायचा. गड्यांचे चेहरे असे उजळले होते की विचारू नका. बिचारे कितीतरी दिवस सुक्या बांगड्यावर होते.

मी तिथेच उभा राहून बोंब ठोकली.

तोंडावर हात मारून खरी बोंब, शिमग्यात मारतात तशी. चाळ बाहेर आली. गिरणीला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून पुरुषही घरी होते. मी म्हटलं, "माज्या बापसाक मारतत!"

"खय?" दोनतीन जण काठ्या घेऊन धावले. मग त्यांच्या लक्षात आलं की बापूस तर मेलेला आहे.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझो कोंबडो. मी देवाक बोललंय. देवाचो तो, देवाकच जातलो."

"तो माझो बापूस. तात्यांनी सांगितलंनी."

सगळ्यांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. माणसाची इतकी पंचाईत मी नंतर फक्त कोर्टात बघितली.

"मी कोंबडो म्हटलंय," तात्या म्हणाले. "ह्योच कोंबडो असा म्हणूक नाय. जगात कोंबडे काय कमी आसत?"

"मग पायाचे ठसे कोणाचे?" मी म्हटलं. "माझगावच्या कोंबड्याचे? तो ट्रामात बसून इलो?"

लोक हसले. तात्यांचे कान लाल झाले. तो कावळावाला गडी हळूच म्हणाला, "मी तवाच सांगितलेलंय, कावळो म्हणा." तेव्हा तर ते भडकलेच. कोंबडा नव्हता म्हणावं, तर आजवर वाचलेली सगळ्यांची पावलं खोटी ठरत होती. होता म्हणावं, तर चाळीतला माणूस चाळीनेच वड्यांबरोबर खाल्ला असं होत होतं. आणि राखणदाराचा नवस चुकवावा, तर तो सगळ्यांनाच बघून घेणार.

शेवटी तात्या म्हणाले, "कौल लावूया. देवच सांगूंदे."

कौल म्हणजे देवाला विचारणं. देवाच्या अंगाला पाण्याने तांदूळ चिकटवतात. उजवा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. अंगणात पाट मांडला. पाटावर राखणदाराच्या नावाने नारळ ठेवला. तात्यांनी नारळाच्या उजव्या डाव्या अंगाला तांदळाचे दाणे चिकटवले. मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ह्या लेकरांची अडचण तुका ठाऊक आसा. कोंबड्याच्या बदली कोहळो चालत असात तर उजवो दी, कोंबडोच व्हयो असात तर डावो दी."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

मी हात जोडून डोळे नारळावर लावून उभा. आयुष्यात मी देवाकडे पुष्कळ मागितलं. लढाईतून पोर परत यावं म्हणून मागितलं, संपात चूल पेटावी म्हणून मागितलं. पण त्या दिवशी मागितलं तसं नाही. डावा दाणा पडला असता तर माझा बापूस दुसऱ्यांदा मरणार होता, आणि या खेपेला तर वड्यांबरोबर.

दाणे काही पडेनात. सगळे वाकून बघत होते. आणि माणसांच्या पायांमधून कोंबडा आला. पाटावर चढला. नारळाकडे एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं. टक्, उजवा दाणा खाल्ला. टक्, डावा दाणा खाल्ला. मग पाटावर उभा राहून आरवला.



"उजवो आदी गेलो!" मी ओरडलो.

"पडूक नाय, खाल्लोनी!" गडी ओरडले. "खाल्लेलो कौल चलना नाय!"

"खाल्लो तो पोटात पडलो ना?"

"तात्यानू, सांगा!"

तात्या म्हणाले, "असो कौल माज्या आज्याच्या वेळेकही झालो नाय," आणि खाली बसले. मावशीला एवढं पुरे होतं. देवापुढचे दाणे खाणारा कोंबडा तिला नवसाला आणखीच लायक वाटला असावा. "पकडा रे त्याका!" ती म्हणाली आणि स्वतःच विळा घेऊन धावली. गडी चारी बाजूंनी धावले. एक हौदात पडला. दुसऱ्याच्या हातात नुसती शेपटीची पिसं आली. कोंबडा पंख फडफडत, ओरडत, अंगणाच्या कडेने पळत सुटला आणि उघड्या दारातून थेट आमच्या खोलीत शिरला.

आई आत चुलीशी बसली होती. बाहेरचा एवढा गोंधळ चालला होता, पण नवरा जाऊन महिना झाला नव्हता, त्यामुळे ती लोकांत आली नव्हती. आम्ही सगळे दाराशी जाऊन भिडलो. पुढे मावशी, हातात विळा. तिच्या काखेखालून मी.

कोंबडा खोलीच्या मधोमध उभा होता. बापूस गेला नेमक्या त्या जागी, धापा टाकत. आणि आई उठून उभी राहिली. आधी तिने दारात गर्दी केलेल्या सगळ्या बाप्यांकडे बघितलं. मग कोंबड्याकडे. मग डोक्यावरून पदर पुढे ओढला, मान खाली घातली आणि भिंतीला लागून, वाट सोडून उभी राहिली.

चार मोठी माणसं घरात असताना बापूस कामावरून आला की ती अशीच उभी राहत असे. चाळीतली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्यापुढे अशीच उभी राहत असे. ते काही मुद्दाम केलेलं नव्हतं. तिलाही ते नंतर कळलं असावं, कारण पदराखाली तिचे कान लाल होताना मी बघितले.

दारात कुणी हललं नाही. हौदात पडलेल्या गड्याच्या धोतरातून पाणी टपकत होतं तेवढंच.

मावशीने विळा पाठीमागे नेला. "कोहळो हाडा रे कोणीतरी," ती म्हणाली. आणि मग माझ्या टाळक्यात एक चापट मारून, "आणि तुज्या बापसाक सांग, हौदार चढायचा नाय."

राखणदाराने कोहळा घेतला. निदान भाच्याचा पाय पुन्हा मोडला नाही. गड्यांनी कोहळ्याची भाजी खाल्ली, वड्यांबरोबर. जेवताना एकही माणूस माझ्याशी बोलला नाही. तात्यांनी मात्र मान पुन्हा ताठ केली. "मी काय म्हटलेलंय? कोंबडो!"

त्यानंतर आई गिरणीत सूत गुंडाळायच्या रिळावर जाऊ लागली आणि थोड्या दिवसांनी मलाही अर्ध्या पाळीला घेतलं. माझी शाळा संपली ती तिथे. कोंबडा रीतसर आमच्याकडेच राहायला आला. मावशी म्हणाली, त्याचो पायगुण माका नको. पहाटे तो आरवला की आम्ही मायलेकरं उठायचो, भोंग्याच्या आधी. मी रोज जाताना विचारायचो, "बाबा, तां काय?" पुढे पुढे सवयीने, उत्तर मिळेल म्हणून नाही. आई आत चुलीशी असायची, तिला वाटायचं मी कोंबड्याला चारतोय.

तो म्हातारा होऊन मेला. चाळीतल्या कोंबड्याला असं मरण कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळे सगळे बघायला आले. पूर्वी त्याच्या तंगडीकडे आशेने बघणाऱ्या गड्यांनीच त्याला फडक्यात गुंडाळून खाजणाकडे नेलं. मी पुढे. एकाने मडकं धरायचं का असं विचारलं, त्याला दुसऱ्याने गप्प केलं. पुरून परत आलो तर दारात तात्या उभे. एका हातात ताट, ताटात पीठ. दुसऱ्या हातात मावशीचं डालगं.

"बघूया आता खय गेलो," ते म्हणाले.

आईने त्यांच्या हातातलं ताट घेतलं. "नको तात्यानू," ती म्हणाली. "आता जावंदेत तेंका."

तात्या डालगं घेऊन परत गेले. आई त्या पिठाच्या भाकऱ्या थापायला बसली. मी उंबऱ्याशी बसलो होतो. मी आता मोठा झालो होतो, गिरणीत जाणारा माणूस, पण मला राहवलं नाही. म्हटलं, "आये, पण तेंचा सांगूचा रवलाच."

"काय?"

"मरताना म्हणाले ना, अरे, तां… तां काय?"

आईचा हात भाकरीवर थांबला. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू रोज त्याका ह्याच विचारी होतंस?"

"मग काय?"

"अरे गाढवा, माका नाय विचारायचा?" तिने पिठाचा हात कपाळाला लावला. "रोज सकाळी तू भायर पडताना ते एकच तर म्हणत. 'अरे, तां दार लोट, कोंबडो भितर येता.'"

आधी कोण हसलं ते आठवत नाही. आई तव्यावरची भाकरी जळेपर्यंत हसली. मावशी भिंतीपलीकडून ओरडली, "काय झाला गो?" आईला सांगता येईना. मग तिने डोळ्यांना पदर लावला, आणि माझ्याही तोंडात खारट आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाहेर मावशीच्या नव्या कोंबड्या अंगण उकरत होत्या. मी उठलो आणि दार लोटलं.